‘नेक्स्ट संडे’ म्हणजे नक्की कुठला रविवार?

सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर सगळीकडे सध्या एक फॉरवर्ड फिरतंय. म्हणे ‘नेक्स्ट संडे’ म्हणजे लगेच येणारा रविवारच, तसा इंग्लिशमध्ये पक्का नियम आहे, इंग्रजांचा यात कधी गोंधळ होत नाही, मराठीत तर प्रश्नच नाही, आणि ज्यांना तो त्याच्या पुढचा वाटतो त्यांचं इंग्लिश कच्चं. एवढ्याशा मेसेजमध्ये इतकं चुकीचं कोंबायला पण टॅलेंट लागतं.

आधी तो नियम बघू. पुरावा काय, तर लोकलमधली अनाउन्समेंट. नेक्स्ट स्टेशन दादर म्हणजे दादरच ना, मग रविवारचं पण तसंच. अहो पण गाडी कुठे आहे हे सगळ्यांना दिसतं, तिथे वादाला जागाच नाही. वारांचं वेगळं आहे. समजा आज शुक्रवार आहे, तर दोन दिवसांवरच्या रविवारला इंग्लिश बोलणारे बरेच जण ‘धिस संडे’ म्हणतात नाहीतर नुसतं ‘ऑन संडे’, आणि एकदा जवळचा रविवार ‘धिस’ने पटकावला की ‘नेक्स्ट’च्या वाट्याला त्याच्या पुढचाच येतो. बरं, शुक्रवारी बसून उद्याच्या शनिवारला ‘नेक्स्ट सॅटरडे’ म्हणणारा कोणी बघितलाय? फॉरवर्डच्या नियमाने तर तेच बरोबर! सोमवारी मात्र खरंच पंचाईत होते, रविवार सहा दिवस लांब असतो, मग काहीजण त्यालाच ‘नेक्स्ट’ म्हणतात, काहीजण त्याच्या पुढच्याला, आणि दोघांनाही चूक म्हणता येत नाही. त्यात आठवडा कधी सुरू होतो ही अजून एक भानगड, आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सोमवारी, आणि भिंतीवरच्या कितीतरी कॅलेंडरांत रविवारी, म्हणजे कॅलेंडर बघून बोलणाऱ्याचा जवळचा रविवार आधीच ‘नेक्स्ट वीक’मध्ये गेलेला असतो.

इंग्रजांचा गोंधळ होत नाही म्हणे. मग ‘संडे वीक’ कशाला लागलं त्यांना? म्हणजे येत्या रविवारनंतर अजून एक आठवडा, ‘अ वीक ऑन संडे’ पण तेच. स्कॉटलंडमध्ये तर जवळच्या वारासाठी ‘मंडे फर्स्ट’ असं वेगळं बोलायची पद्धत आहे. सगळं एवढं क्लिअर असतं तर हे जुगाड कोणी केले असते?

मराठीचं तर बोलूच नका, ‘पुढच्या रविवारी येतो’ म्हटलं की घरात पहिला प्रश्न, म्हणजे कुठच्या? ‘येत्या रविवारी’ म्हटलं तर सुटका. आणि आपला ‘परवा’ मागे पण जातो आणि पुढे पण, ‘परवा आला’, ‘परवा येईल’, आणि आम्ही निघालो इंग्लिशवाल्यांना शिकवायला.

राहिलं कच्च्या इंग्लिशचं. मेगाब्लॉकची नोटीस काढून बघा, माटुंगा ते मुलुंड असेल नाहीतर हार्बर, रेल्वे ‘नेक्स्ट संडे’वर सोडत नाही, वार, तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत सगळं देते. आता त्यांचं पण इंग्लिश कच्चं म्हणणार का?