चार डाइव्हचे दर्यावर्दी

नेत्राणी बेटावर स्कूबा डायव्हिंगला निघालात? जरूर जा. मुरुडेश्वरहून बोट सुटते, पाणी निळंशार, मासे भरपूर, रील झकास होते. गेल्याच महिन्यात आमचे भाचे आणि त्यांचे तीन मित्र मला घेऊन गेले होते, म्हणजे गाडी चालवायला. आधी एका सहलीत चार डाइव्ह करून साहेबांनी डायव्हर असल्याचं कार्ड मिळवलंय. त्यांच्याकडे पाहून जे शिकलो, ते तुमच्यासाठी.

निघण्याआधी पंचांग बघू नका. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती आणि पाण्याला ओढ कमी, ही कोळ्यांची गणितं. तुमच्याकडे लाँग वीकेंड आहे. समुद्राला कळवून ठेवा.

पोहण्याचा सराव? टिळक तलावाची रुंदी कधीतरी कापली होती ना, झालं.

ब्रीफिंग चालू असताना दुसरं काहीतरी करा. तो माणूस रोजच सांगतो: दोर धरून उतरा, आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा म्हणजे येताना पाणीच आणून सोडेल, खडकाच्या आडोशाला राहा, बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, दिसेनासा झाला तर मिनिटभर शोधा आणि सावकाश वर या. आमचे भाचे तेव्हा कॅमेऱ्याच्या काठीचा स्क्रू आवळत होते. खाली त्यांना कासव दिसलं. सोडला दोर! प्रवाह म्हणाल तर ताशी दोनेक किलोमीटर, दिवाळीत लक्ष्मी रस्त्यावर माणूस सरकतो तेवढा. पण पाठीवर सिलिंडर असताना तेवढाही कापणं भल्याभल्यांना जमत नाही. प्रवाहाला आडवं जायचं, खडक गाठायचा, नाहीतर गुपचूप वाहत जायचं. हे प्रवाहाच्या उलट पोहायला लागले. हातात काठी तशीच! धापा टाकताहेत, पाय झाडताहेत, आणि 18 मीटरवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट हवा जाते. सिलिंडरमध्ये 200 बार दाबाची हवा घेऊन उतरलेला माणूस 50 राहायच्या आत बोटीवर हवा. मी पोहोचलो तेव्हा त्यांच्या हवेचा काटा 40 वर. काटा पाहिला होता का? छे. कासवाचा अँगल पाहत होते. बडी मी होतो, मी मागे राहिलोय हेही त्यांच्या गावी नव्हतं.

वर येताना श्वास रोखून धरा, बुडबुडे फोटोत वाईट दिसतात. 10 मीटरवरून वर येईपर्यंत छातीतली हवा दुप्पट फुगते म्हणे, पण फुप्फुसं आपलीच आहेत, सांभाळून घेतील.

नारिंगी फुगा मुळीच नेऊ नका. सकाळी माझ्या पिशवीत बघून चौघे हसले होते. ‘‘मामा, कुणाचा वाढदिवस आहे?’’ 5 मीटरवर तीन मिनिटं थांबून आम्ही वर आलो तेव्हा बोट काडेपेटीएवढी दिसत होती. बोटवाल्याला लाटांमध्ये डोकी दिसत नाहीत, फुगा दिसतो.

शेवटच्या डाइव्हनंतर थेट घाट चढा. डाइव्हनंतर लगेच उंचीवर जायचं नसतं म्हणून विमानाआधी 18 तास थांबतात, घाटाला कोण विचारतं. सोमवारी ऑफिस आहे.

बोटीवर चढून दहा मिनिटंही झाली नव्हती, रील तयार. ‘समुद्राशी झुंज’. अरे गाढवा, कसली झुंज? समुद्राला तुझा पत्ताही नव्हता. तू वाहून चालला होतास आणि तुझ्यामागे साठीतला माणूस पाय मारत होता, त्याचेही गुडघे आहेत. तुझ्या आईचा संध्याकाळी फोन आला, ‘‘दादा, पोरं नीट आहेत ना?’’ मी ‘‘हो’’ म्हणालो. बहिणीशी खोटं बोलायला लावलंस मला. ते रील अजून तसंच आहे, खाली तुझ्या मित्रांची बदामं. काढून टाक. पुढच्या वेळी शिट्टी आणि फुगा तुझ्या बीसीडीला, त्या हवा भरायच्या जाकिटाला, लागतील, दोर तुझ्या हातात राहील आणि कॅमेरा गाडीत. जमणार नसेल तर खडकवासल्याला जाऊन भजी खा. गाडीसुद्धा तूच चालव.