आजीचं लाटणं, चितारआळी आणि मंगळवार-गुरुवारचा वर्ग

पन्नाशीच्या माणसाला अगदी पहिल्यापासून काही शिकायचं असेल, तर त्यासाठी सरकारी पैशातून चालणारी, स्वस्त आणि कुणालाही खुली अशी जागा प्रत्येक गावात असली पाहिजे. हे माझं मत गेल्या चार महिन्यांत फार पक्कं झालंय. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी फोन का उचलत नाही, असं बऱ्याच जणींनी विचारलं. त्याचंही उत्तर यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी इथे, दक्षिण कॅलिफोर्नियात, घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात लाकडाचं कातकाम शिकतेय. म्हणजे लेथवर लाकूड फिरत ठेवायचं आणि हातातल्या हत्याराने त्याला आकार द्यायचा. लाटणं, रवी, भोवरा, पाळण्याचे खांब, चौरंगाचे पाय हे सगळं कातकामच. एखाद्याच्या बांध्याला आपण ‘कातीव’ म्हणतो ना, तो शब्द या कामातूनच आलाय.

भारतातल्या मंडळींसाठी थोडं सांगते. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही तिथे नाव नोंदवता येतं. मार्क विचारत नाहीत, वय विचारत नाहीत. राज्याच्या रहिवाशांना फी युनिटमागे, म्हणजे कोर्स मोजायच्या एककामागे, ४६ डॉलर. माझा कोर्स तीन युनिटांचा, म्हणजे १३८ डॉलर, वर लाकडाचे आणि किरकोळ असे थोडे. खासगी कार्यशाळेत दोन-तीन दिवसांना याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. कुणी इथे नर्सिंग शिकतं, कुणी वेल्डिंग, कुणी दोन वर्षं करून पुढे युनिव्हर्सिटीत जातं. आणि त्याच इमारतीत रात्री नऊपर्यंत लाकडाच्या वर्कशॉपचे दिवे चालू असतात.

आता मी तिथे का गेले, ते.

माझं आजोळ सावंतवाडीचं. मे महिन्यात मोती तलावावरून चालत चितारआळीत जायचं आणि दुकानांतली लाकडी फळं बघत उभं राहायचं, हा आम्हा भावंडांचा रोजचा कार्यक्रम. आंबा, पेरू, सीताफळ. केळ्यावर पिकल्याचे काळे ठिपकेसुद्धा रंगवलेले. मामाच्या घरापासून जवळच एक चितारी आजोबा, म्हणजे लाकूड कातून रंगवणारे कारागीर, जमिनीवर बसून काम करायचे. त्यांच्या घरातली आजी दोरी ओढायची, लाकूड एकदा पुढे फिरायचं, एकदा मागे. आजोबा पटाशीला पायाच्या अंगठ्याचा आधार द्यायचे आणि लाकूड पुढे फिरेल तेवढ्यापुरतीच धार टेकवायचे. मागच्या फेऱ्याला धार सुटलेली, पुढच्याला परत टेकलेली. हे इतक्या लयीत चालायचं, की बघता बघता दुपार जायची. एकदा मी हात पुढे केला तर म्हणाले, “नको गो चेडवा, बोटां जातली.” पण जायला सांगितलं नाही. मला शेजारी पाट दिला.

पुढे शाळेत कार्यानुभवाचा तास आला. मुलांना सुतारकाम, मुलींना भरतकाम. मला सुतारकाम हवंय म्हणून मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा बाईंनी मला माझ्या जागेवर बसवलं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच होतं. मी रुमालावर गहूटाका घालत बसायचे आणि भिंतीपलीकडून रंध्याचा आवाज यायचा. चाळीस वर्षं होत आली, तरी ते बोचतं.

पहिल्या दिवशी सरांनी लेथला हात लावू दिला नाही. अडीच तास फक्त सुरक्षितता. केस बांधा. बाह्या कोपराच्या वर. अंगठी, बांगड्या, गळ्यातलं, सगळं काढून ठेवा. हातमोजे अजिबात नाहीत, कारण फिरणाऱ्या लाकडाने मोजा पकडला तर त्याच्याबरोबर हातही ओढला जातो. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा घातल्याशिवाय बटण दाबायचं नाही. सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचं, कुठे अडकत तर नाही ना. वेगाचा हिशेबही पाठ करून घेतला. लाकडाचा व्यास इंचात मोजायचा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं, उत्तर ६ हजार ते ९ हजारांच्या दरम्यान आलं पाहिजे. म्हणजे दहा इंची वाडगा असेल तर मिनिटाला ६०० ते ९०० फेरे, त्याहून जास्त नाही. मी मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं तेव्हा शेजारच्या बाईंनीही त्यांच्या गळ्यातला क्रॉस काढला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. त्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या नर्स आहेत. त्या दिवसापासून आमचे लेथ शेजारी-शेजारी.

दुसऱ्या आठवड्यात चौकोनी दांडा गोल करायला मिळाला. दोन टोकांमध्ये पकडलेला मेपलचा दांडा फिरायला लागला की त्याच्या कडा दिसेनाशा होतात, नुसती धुरकट सावली दिसते. गोल पटाशी टेकवली की टकटकटकटक असा आवाज येतो, कारण धार फक्त चार कोपऱ्यांनाच लागत असते. हात कोपरापर्यंत हादरतो. मग हळूहळू टकटक एकमेकांत मिसळायला लागते आणि एका क्षणी ती थांबून नुसता सळसळाट उरतो. तेव्हा न बघता कळतं की दांडा गोल झाला. सरांनी मला त्या क्षणी डोळे मिटून ऐकायला सांगितलं, हत्यार बाजूला घेऊन. चितारी आजोबांच्या ओसरीवरचा आवाज तोच होता. मी लेथ बंद केला आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

सातव्या आठवड्यात अपघात होता होता वाचला. वाडग्याची आतली बाजू पोखरत होते. दिवसभराच्या कामाने थकलेले होते आणि घाई होती. धार चुकीच्या कोनात लागली, लाकडाने हत्यार आत ओढलं, मोठा आवाज झाला आणि वाडगा पकडीतून सुटून थेट माझ्या मुखवट्यावर आदळला. मुखवट्याला चरा गेला, मला काही झालं नाही. अख्खा वर्ग थांबला. सर आले, मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ओरडले नाहीत. थोड्या वेळाने लेथ बंद असतानाच माझ्या हातात पटाशी दिली आणि म्हणाले, “आधी आधारावर टेकव. मग धारेची पाठ लाकडावर घासू दे. मग मूठ किंचित उचल, कापायला ती आपोआप लागेल.” हे त्यांनी आधी निदान वीस वेळा सांगितलं होतं, पण हाताला कळलं ते त्या दिवशी. वाचून किंवा व्हिडिओ बघून हे शिकता येतं असं मला आता अजिबात वाटत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून तुमचं कोपर दोन बोटं खाली दाबावं लागतं.

तो फुटका वाडगा ॲव्होकाडोच्या लाकडाचा होता. आमच्या वर्गातले एक आजोबा, नौदलातून निवृत्त झालेले, त्यांच्या बागेतलं पडलेलं झाड कापून सगळ्यांसाठी ओंडके घेऊन आले होते. ओलं लाकूड कातण्यात फार सुख आहे. सालपटं लांबच लांब, ओल्या फितीसारखी खांद्यावरून मागे उडतात आणि मुखवट्यावर पाण्याचे बारीक थेंब बसतात. पण ओल्या लाकडाला फसायचं नाही. मधला गाभा कापून टाकायचा, नाहीतर तिथूनच तडा जातो. आणि पहिल्यांदा वाडगा जाडच ठेवायचा, दहा इंची असेल तर कड इंचभर. मग लाकडाच्या रेषा जिथे आडव्या कापल्या जातात, त्या बाजूंना मेण लावून कागदी पिशवीत काही महिने ठेवून द्यायचा. तो वाळताना अंडाकृती होतो. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. माझा दुसरा वाडगा सध्या कपाटात आहे. दर रविवारी त्याचं वजन करते आणि पेन्सिलीने बुडावर लिहिते.

आता जे सांगायचं होतं ते. नोव्हेंबरात पॉलिशचा धडा आला. सरांनी एका डब्यातून नारिंगी, पातळ, काचेसारख्या चकत्या काढल्या आणि सगळ्यांच्या तळहातावर थोड्या थोड्या ठेवल्या. म्हणाले, हे शेलॅक, एका किड्यापासून मिळतं, भारतातून येतं. मी हात नाकाशी नेला आणि म्हटलं, ही तर लाख! पळसावर, बोरीवर वाढणाऱ्या किड्याची लाख. इथे ती अल्कोहोलमध्ये विरघळवून फडक्याने लावतात. चितारी आजोबा रंगीत लाखेची कांडी सरळ फिरत्या लाकडावर टेकवायचे. घर्षणाने लाकूड तापायचं, लाख वितळून पसरायची आणि मग केवड्याच्या पातीने घोटली की आरशासारखी चकाकी यायची. ब्रश नाही, वाळवणं नाही. मी हे वर्गात सांगायला लागले तर सरांनी हातातलं काम ठेवलं आणि मला फळ्याशी बोलावलं. तीस वर्षं शिकवणारा माणूस वहीत लिहून घेत होता. कांडी कशी बनवतात, लाकूड कोणतं, किती वेगाने फिरवतात. पांगारा हलका आणि मऊ, खेळण्यांना चांगला, एवढं मी सांगू शकले. कांडीत काय काय मिसळतात हे मला सांगता आलं नाही. ज्या ओसरीवर मी अख्ख्या सुट्ट्या घालवल्या, तिथली एवढी साधी गोष्ट मी कधी विचारलीच नव्हती.

आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “एवढं शिकून सवरून आता सुतारकी?” तिच्यावर रागावले नाही. आपल्याकडे हे घराघरात आहे. अभ्यासात हुशार तो कॉलेजात, बाकीचे आयटीआयला. हाताचं काम म्हणजे मार्क कमी पडल्याची शिक्षा, हे आपण मुलांना न बोलता शिकवतो. शिवाय जातीची गोष्ट आहेच. लाकूड सुताराने हातात घ्यायचं, माती कुंभाराने, ही वाटणी पिढ्यान् पिढ्या चालली. ज्यांनी काम केलं त्यांना मान मिळाला नाही, आणि बाकीच्यांच्या हातातून कामच गेलं. मला हे दोन्ही बाजूंचं नुकसान वाटतं.

महाराष्ट्रात चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत. तिथे यंत्रं आहेत, शिकवणारी जाणती माणसं आहेत. पण तिथली मुख्य रचना नोकरीसाठी पूर्णवेळ एक-दोन वर्षं शिकणाऱ्या मुलामुलींची आहे, आणि टर्नर म्हटलं की लोखंडाचा लेथ. ते हवंच. पण त्याच वर्कशॉपात संध्याकाळी सात ते नऊ, आठवड्यातून दोन दिवस, कुणालाही यावंसं वाटलं तर? बँकेतली बाई, रिक्षावाला, निवृत्त मास्तर, दहावी नापास मुलगी. आणि शिकवायला गावातला कातारी, चितारी, सुतार यायला हवा, रीतसर मानधनावर. डिग्री नाही म्हणून त्याला दारात अडवू नये. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी १९७०च्या दशकात गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, कला पुन्हा उभी केली, ती कारागिराला जागा आणि काम देऊनच. राजघराण्याने जे एका वाड्यात केलं, ते शासनाला तालुक्या-तालुक्यात करता येणार नाही का?

कुणी म्हणेल, लोकांचे छंद सरकारने का पोसावेत. इथेही हा वाद आहे. त्यातूनच नियम कडक झाले आणि पास झालेला कोर्स पुन्हा पुन्हा घेता येत नाही. आमचे नौदलातले आजोबा आता पुढच्या सेमिस्टरला फर्निचरच्या वर्गात जाणार आहेत, कारण कातकामाचे त्यांचे वर्ग संपले. पण आमच्याच वर्गात एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे. शाळेत कशातच लक्ष लागत नव्हतं, असं तो स्वतः सांगतो. डिसेंबरपर्यंत त्याने जिन्याच्या कठड्याचे चौदा खांब कातले, सगळे एकासारखे एक, आणि त्याला एका कारखान्यात काम मिळालं. खांब सारखे यावेत म्हणून मोजमापाची पट्टी कशी बनवायची, हे त्याला आजोबांनी शिकवलं. छंदवाला आणि पोटापाण्यासाठी शिकणारा एकाच खोलीत असले की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

सेमिस्टरच्या शेवटी मी लाटणं केलं. आजीचं लाटणं माझ्याकडे आहे, सागाचं, एका टोकाला थोडं झिजलेलं. ते समोर ठेवून मापं घेतली. मध्ये किंचित फुगीर, टोकांकडे निमुळतं, मुठींना दोन-दोन कड्या. आजीच्या लाटण्याच्या कड्या दोन्हीकडे अगदी सारख्या नाहीत, हे मोजल्यावर कळलं. मी त्या तशाच ठेवल्या. ताईने ते लाटणं कुडाळला आईकडे नेलं. चार दिवसांनी आईचा फोन आला. चपात्या लाटताना ते उजवीकडे ओढतं म्हणाली, आणि मग म्हणाली, पोळपाट कधी करतेस?

मार्चमध्ये तीन आठवडे घरी येतेय. पैकी एक आठवडा चितारआळीत बसायचं ठरवलंय. चितारी आजोबा आता नाहीत, पण त्यांचा नातू तेच काम करतो. मामाने त्याला विचारून ठेवलंय. लाखेची कांडी कशी करतात ते नीट लिहून आणायचं आहे, सरांनीही तीनदा आठवण केली. आणि आईकडून लाटणं परत घेऊन त्याच्यापुढे ठेवायचंय, ते उजवीकडे का ओढतं हे विचारायला.