जास्वंद कुंडीत जगते, मग जंगलाला कुंपण कशाला? (एका कमेंटला उत्तर)

दादा, तुमची कमेंट नीट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हवाई बेटांवरच्या पिवळ्या जास्वंदीवर, म्हणजे माओ हाउ हेलेवर मी लिहिलं होतं. त्यावर दादा म्हणतात की जास्वंदीची फांदी नुसती खोचली तरी जगते, नर्सरीत हजारो रोपं करा आणि विषय संपवा, त्यासाठी डोंगरभर कुंपण घालून आपल्या भारतातली चितळं मारायची हा क्रूरपणा आहे आणि मी त्याचं समर्थन करतोय. वर हवाईची काळजी करण्याआधी घरचं बघा.

समर्थन करतोय, हो. का ते सांगतो.

आधी फांदीचं. हिची कटिंग्ज लागतात, बिया रुजतात, सगळं खरं आहे. होनोलुलूच्या लायन आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्ष-उद्यानात, तिथल्या दुर्मिळ झाडांची सीड बँक आहे, टिश्यू कल्चरची लॅब आहे, आणि ते काम हवंच. पण एका झाडाच्या शंभर फांद्या लावल्या तर शंभर झाडं दिसतात आणि वाण एकच असतो, एक रोग आला की सगळी एका झटक्यात जाणार. त्यात हिच्या उपजाती तीन, ओआहू बेटावरची वेगळी, त्यांची सरमिसळ करून चालत नाही. आणि मुख्य म्हणजे रानात पडलेलं बी स्वतःहून उगवून, मोठं होऊन पुन्हा बी धरणार नसेल तर ते झाड वाचलं असं मी तरी म्हणणार नाही.

आता ते बी का वाढत नाही ते बघा. हिचं घर म्हणजे कोरडं जंगल, पर्जन्यछायेतला उतार, काळा लाव्हा, तुटपुंजा पाऊस. उन्हाळ्यात पानं गाळून काटक्या होऊन उभी राहते, पाऊस झाला की पुन्हा पालवी, आणि मग तळहाताएवढी पिवळीधमक फुलं, काहींच्या मध्यभागी गडद लालसर ठिपका. 1988 साली ही हवाईचं राज्यफूल झाली आणि 1994 साली सरकारी यादीत धोक्यातली म्हणून नोंदली गेली. सहा वर्षांत! हवाईचं कोरडं जंगल नव्वद टक्क्यांच्या आसपास संपलंय हो, उरलेल्या तुकड्यांत ही कशीबशी तग धरून आहे.

त्या बेटांवर माणूस येण्याआधी चरणारं एकही सस्तन जनावर नव्हतं, जमिनीवरचं सस्तन म्हणाल तर वटवाघूळ. त्यामुळे तिथल्या बहुतेक झाडांना ना काटे ना कडवटपणा. 1778 मध्ये कॅप्टन कुकने नीहाऊ बेटावर बकऱ्या सोडल्या. मग 1868 मध्ये राजा पाचवा कामेहामेहा याला हाँगकाँगहून चितळं भेट आली, ती मोलोकाई बेटावर सोडली, आणि 1959 मध्ये शिकारीसाठी म्हणून माउई बेटावरही नेली. ताडोब्यात चितळामागे वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्री आहेत. माउईवर यातलं कोणीही नाही, आणि चितळ बाराही महिने वितं. रोप बोटभर वर आलं की खुडून खातात, मोठ्या झाडाची साल सोलतात, खोडावर शिंगं घासतात. चितळ मलाही आवडतं दादा, पण ते तिथे स्वतःहून पोचलं नाही, आपण माणसांनी जहाजातून नेलंय, तर निस्तरायचंही माणसानेच. आणि तिथे मारलेलं जनावर बऱ्याचदा खाल्लंही जातं, ते मांस लोकांच्या घरी जातं.

मग म्हणाल जनावरं काढली की झालं. नाही झालं, कारण गवत आहे. आपले शेतकरी गाई-म्हशींसाठी लावतात ते गिनी गवत, मूळचं आफ्रिकेतलं, तिथे माणसाच्या उंचीचं माजतं, वाळलं की पेट घेतं, आग गेली की सगळ्यात आधी तेच पुन्हा उगवतं. जंगल जळून मागे हटतं आणि मोकळी झालेली जागा पुन्हा गवतालाच मिळते. ऑगस्ट 2023 मध्ये माउईवरचं लाहायना गाव जळलं, शंभरच्या वर माणसं गेली, त्या आगीला सोसाट्याच्या वाऱ्याबरोबर बंद पडलेल्या ऊसमळ्यांवरच्या या असल्या गवतानेही बळ दिलं. म्हणजे हे फक्त फुलाचं प्रकरण नाहीये.

घरचं बघा म्हणालात, तर बघतोच की. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून हिवरे बाजारच्या लोकांनी उघडाबोडका डोंगर हिरवा केला, तेव्हा कोणी त्यांना झाडं कुंडीत लावा म्हणालं नाही. शिवनेरीच्या कड्यावरची फ्रेरिया ही दुर्मिळ वनस्पती घ्या, कटिंगने सहज येते, जगभरच्या हौशी लोकांच्या कुंड्यांत ती आहे, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर मात्र मोजक्याच जागी उरलीय. फांदी लावून प्रश्न सुटत असता तर तिचाही सुटला असता ना?

माउईवर हालेआकाला ज्वालामुखीच्या उतारावर आउवाही नावाची जागा आहे, जमीन खाजगी रँचची, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांच्या मोठ्या कुरणाची. 1997 पासून तिथे कुंपण घालून गुरं-हरणं बाहेर ठेवली, किकुयू नावाचं बाहेरून आलेलं गवत मारलं आणि स्वयंसेवकांनी स्थानिक झुडपं इतकी दाट लावली की सावलीने गवताला डोकं वर काढता येईना. आता तिथे काही स्थानिक झाडांची रोपं आपली आपण उगवतायत, कोणी न लावता. खर्च आहे, कुंपण दरवर्षी तपासावं लागतं, एक फांदी पडून तार वाकली तरी चितळं आत येतात. कुंपणाशिवाय हे सगळं होईल असा दुसरा मार्ग तुमच्याकडे असेल तर खरंच सांगा, मी वाचेन.