दहाला दहा कमी

शनिवारी रात्री नऊ पन्नासला मी एका अनोळखी बाईला तिचं वय विचारलं. साताऱ्यात हे कुणी ऐकलं असतं तर पहिला फोन माझ्या आईला गेला असता. पण मी राहतो ग्लासगोत, शिकतो, आणि आठवड्याला वीस तास (व्हिसा तेवढेच देतो) एका कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावर उभा असतो. दूध, पाव, सिगरेट, स्क्रॅचकार्ड, आणि माझ्या पाठीमागे फळीवर दारू.

स्कॉटलंडमधे दारू घ्यायचं वय १८, पण समोरचा २५ च्या आतला नुसता वाटला तरी आयडी मागायचा, याला चॅलेंज २५ म्हणतात. आणि दुकानातून विक्री सकाळी १० ते रात्री १०, बास. दहा वाजून एक मिनिटाला दूध मिळेल, बटाटे मिळतील, मांजराचं खाणं मिळेल, दारू नाही. निदान दोन तासांचं ट्रेनिंग झाल्याशिवाय विकणाऱ्याला बाटलीला हात लावता येत नाही, म्हणून आमच्या चाचांनी (मालक, लाहोरकडचे) चिप्सच्या पाकिटांना लेबलं चिकटवत बरोब्बर दोन तास मला कायदा शिकवला, सही घेतली आणि शेवटी सार सांगितलं, "बेटा, पकड़ा गया तो तू पकड़ा जाएगा." अठराच्या आतल्याला विकली तर ५००० पाउंडापर्यंत दंड, नाहीतर ३ महिने आत, किंवा दोन्ही. ५००० म्हणजे माझा वीसेक आठवड्यांचा पगार. तीन महिन्यांचं एक वेळ चालेल, तेवढंच रूमचं भाडं वाचेल, पण व्हिसाचं काय?

तर बाई. हुडी, केस वर बांधलेले, एका हातात फ्रोझन पिझ्झा, दुसऱ्यात व्हाइट वाइन, आणि आमच्या दुकानातली ट्यूबलाइट, जिच्याखाली मी स्वतः कावीळ झाल्यासारखा दिसतो. मला वाटली चोवीसची. विचारलं आयडी.

ती एवढी खूष झाली म्हणून सांगू! "परत बोल," म्हणाली. मी परत बोललो. मग तिने फोन काढून माझ्याकडून तिसऱ्यांदा वदवून घेतलं, रेकॉर्डिंगसाठी. नवऱ्याला पाठवलं. सगळं झाल्यावर म्हणाली, "चल, दे आता." म्हटलं, ताई, आयडी? पाकीट घरी. पैसे फोनने देणार होती. तिचा चेहरा जो पडला, तेव्हा मात्र ती मला पस्तिशीची दिसायला लागली, पण एकदा मागितला की मागितला, आता मागे कसा घेऊ? पोलीस कधीमधी पोरांना पाठवून परीक्षा घेतात आणि दुकानात कॅमेरा चाचांच्या फोनला जोडलेला.

तिच्या मागे आजोबा उभे होते. रोजचे. चपटी टोपी, खालच्या बाजूला दोन दात, आणि मुठीत हाफ बॉटल व्हिस्कीची चिल्लर. इथे दारूला कमीत कमी भावाचाही कायदा आहे, युनिटला (म्हणजे दहा मिली शुद्ध अल्कोहोलला) ६५ पेन्स, म्हणजे ३५० मिलीची हाफ बॉटल ९ पाउंड १० पेन्सच्या खाली कुणाचा बापही विकू शकत नाही, आणि आजोबा ते ९.१० दर शनिवारी वीस-वीस पेन्सच्या नाण्यांत (शेवटचं दहाचं) आणतात आणि सगळा दोष मला देतात. मला ते "पाल" म्हणतात. म्हणजे मित्र. इथे सगळेच म्हणतात, पहिला महिनाभर मी दचकून भिंतीकडे बघायचो. बायकांना "हेन" म्हणतात, कोंबडी. असं हे माणसांचं दुकान.

"पाल," आजोबा म्हणाले, "मी साक्ष देतो."

म्हटलं, साक्ष चालत नाही.

"हिची आई माझ्या बायकोची मैत्रीण. १९८८ साली नदीकाठी गार्डन फेस्टिव्हल होता, तेव्हा ही पोटात होती. मी स्वतः त्या पोटाला रांगेत पुढे जागा दिली. आता कर हिशोब."

म्हटलं, आजोबा, पासपोर्ट लागतो, लायसन लागतं, पोट चालत नाही.

"तू होतास का तिथे? नाही ना? मग तुला काय माहीत?" हा बिनतोड मुद्दा मांडून त्यांनी नाणी काउंटरवर ओतली आणि मोजत मोजत ट्राम कशी होती, फिरता मनोरा कसा होता, त्यात बायकोला चक्कर कशी आली ते सांगायला लागले. तीन पाउंड चाळीसला मनोरा आला आणि मोजणी चुकली. परत पहिल्यापासून. बाई तोवर "दोन मिनिटांत आणते" म्हणून पळाली होती, पिझ्झा माझ्यासमोर वितळत होता. मी हात जोडून म्हटलं, आजोबा, नऊ छप्पन झालेत, तुमचं करून टाकू? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी मंदिरात चपला घालून शिरलोय. "रांग आहे, पोरा. ती माझ्या पुढे होती."

बाई आली. घरातल्या सपाता, धाप लागलेली, पासपोर्ट. डिसेंबर १९८८. आजोबा टाळी वाजवून म्हणाले, "बघ! पोट बरोबर होतं!" मी बाटली स्कॅन केली आणि मशीनने टूंऽऽक केलं. दहा. मशीन दहाला दारू घेणं बंद करतं, त्याला लिपस्टिक लावून विचारा नाहीतर पासपोर्ट दाखवून.

ती जे बोलली त्यातलं अर्धं मला कळलं नाही हे माझं भाग्य. कळलं ते एवढंच, "तुमच्या देशात बायकांशी असंच वागतात का?"

आमच्या देशात? अहो ताई, आमच्या महाराष्ट्रात व्हिस्की घ्यायला कायद्याने २५ पूर्ण लागतात, बियरला २१. वर पिणाऱ्याला परवाना लागतो, १९४९ च्या कायद्यापासून. आणि जाळीच्या खिडकीत घुसलेल्या पंधरा हातांमधला कुठला हात किती वर्षांचा हे आजवर कुणी विचारल्याचं मी तरी बघितलं नाही. तिथे कायदा २५ चा आणि विचारत कुणी नाही, इथे कायदा १८ चा आणि विचारायचं २५ चं, आणि विचारायला ठेवलाय कोण, तर मी. सरकारने नियम केला, चाचांनी सही घेतली, शिव्या माझ्या वाट्याला. कायदा बनवणारा एकदा तरी शनिवारी रात्री इथे येऊन उभा राहू दे. हे मनातल्या मनात. तोंडाने म्हणालो, सॉरी.

ती पिझ्झापण सोडून गेली. मग आजोबांनी नाणी माझ्याकडे सरकवली. ९.१०, चोख. "माझी हाफ बॉटल."

मी काही न बोलता घड्याळाकडे बोट केलं.

बराच वेळ ते घड्याळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे तू मुद्दाम केलंस."

चाचांना फोन केला तर म्हणाले, "दे देना था बेटा, पुरानी कस्टमर है," आणि दोन सेकंदांनी, "नहीं नहीं, अच्छा किया, नहीं दिया." मग नकार-वहीत नोंद करायची असते. त्यात एक रकाना आहे: ग्राहकाचं अंदाजे वय. आता काय लिहू? ३५ पुढे लिहिलं तर मी गाढव, आयडी कशाला मागितला. २४ लिहिलं तर उद्या ती वही बघायला मागेल आणि फोटो काढून नेईल. शेवटी लिहिलं "वीस ते चाळीस". आजोबांच्या नोंदीत कारण लिहिलं, "वेळ."

रविवारी सकाळची शिफ्टपण माझीच. शटर वर केलं तर आजोबा हजर, मूठ बंद. मशीनवर ९.४२. दूध घेता का म्हटलं, नको म्हणाले. काउंटरला कोपर टेकवून उभे राहिले आणि मला विचारलं, "तो मनोरा नंतर वेल्समधे कसा नेला, माहितीय का तुला?"

अठरा मिनिटं.