‘एकाच वायरीत सगळं’ : मामांच्या गच्चीवरून उतरल्यावर

परवा मामांचा फोन. “अरे, बॉक्सवर ‘एलएनबी शॉर्ट’ असं काहीतरी येतंय. आणि केबलच्या चित्राचे चौकोन फुटतायत.” एलएनबी म्हणजे डिशच्या तोंडाशी बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा. मी विचारलं, “मामा, गच्चीवर काही केलंत का?” पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, “तो मेसेज आला होता ना...”

तोच तो मेसेज. डिश, अँटेना आणि केबल यांच्या तीन वायरी साध्या स्प्लिटरला (एका वायरीचे फाटे करणाऱ्या डबीला) उलट्या जोडा आणि खाली एकच वायर आणा. जितके सिग्नल एकत्र, तितकं चित्र स्वच्छ. डिप्लेक्सर (डिश आणि अँटेना एका वायरीत घालायची खास डबी) म्हणजे कंपन्यांची लूट, आत स्प्लिटरच असतो. जोडाला टेप गुंडाळली की झालं. आणि शेवटचा कळस, डिशला अर्थिंग करू नका, आकाशातली वीज ओढून घेते. माझ्याकडे हा आतापर्यंत चार जणांकडून आलाय. मामांनी तो प्रत्यक्षात उतरवला, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी नाइलाजाने एक कबुली. एका वायरीतून डिश आणि अँटेना दोन्ही आणता येतात, ते खरंच आहे. पण का येतात ते मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. उपग्रहाकडून येणाऱ्या १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या लहरी एलएनबी तिथल्या तिथे खाली उतरवतो आणि नेहमीच्या एलएनबीतून वायरीत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल सोडतो. अँटेनाचे चॅनेल याच्या बरेच खाली असतात. दोघांचे मजले वेगळे, म्हणून जिना एकच चालतो. डिप्लेक्सर हातात घेऊन त्यावरचं बारीक छापलेलं वाचा. एका तोंडाशी साधारण ५–८६२ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, दुसऱ्या तोंडाशी ९५०–२१५०. आत चाळणी आहे, हे तो स्वतःच सांगतोय. असे दोन लागतात. वर एक मिसळायला, खाली एक वेगळं करायला.

स्प्लिटरमध्ये ही चाळणी नसते. तो आलेला सिग्नल नुसता वाटून देतो. दोन तोंडांचा असला तरी प्रत्येक वाटेवर साधारण साडेतीन डेसिबल जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त शक्ती. उलटा लावला तरी नुकसान तेवढंच. ‘जितके सिग्नल तितकं स्वच्छ’ इथेच निकालात निघतं.

आता विजेचं बघा. सेट टॉप बॉक्स वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. उपग्रहाच्या लहरींच्या वरच्या पट्ट्यासाठी त्यावरच २२ किलोहर्ट्झचा टोन चढवतो. स्प्लिटर वीज अडवणारा असेल तर एलएनबी मेलेलाच. सगळ्या तोंडांतून वीज सोडणारा असेल तर ती अँटेनातही जाते, आणि बऱ्याच अँटेनांचा बालन (अँटेनाला वायर जुळवून देणारा छोटा भाग) या डीसी विजेसाठी सरळ शॉर्ट असतो. मामांचा स्प्लिटर दुसऱ्या जातीचा होता. बॉक्स ओरडत होता ते बरोबरच होतं.

पण हे सगळं आपल्या घरापुरतं. खरा राग येतो तो केबल आणि अँटेना एकत्र जोडायच्या सल्ल्याचा. या दोघांचे मजले वेगळे नाहीतच, दोन्ही त्याच फ्रिक्वेन्सींवर बसतात. एकदा मिसळले की कुठलाही डिप्लेक्सर त्यांना वेगळं करू शकत नाही. चौकोन फुटत होते ते यामुळे. शिवाय अँटेना फक्त घेत नाही, देतेही. केबलमधलं जे काही आहे ते गच्चीवरून हवेत सुटतं. केबलच्या वापरातल्या पट्ट्यात १०८ ते १३७ मेगाहर्ट्झसुद्धा येतात, आणि तिथे विमानांचं दिशादर्शन आणि वैमानिकांचं बोलणं चालतं. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, केबलची गळती मोजायचे नियम केलेत ते उगाच नाहीत. १०८–१३७ आणि २२५–४०० हे पट्टे त्यात नाव घेऊन आहेत. उलट दिशेने बघाल तर हवेतला सगळा गोंगाट अँटेनातून केबलमध्ये शिरतो. केबलवर इंटरनेट असेल तर मोडेम ५ ते ४२ किंवा ६५ मेगाहर्ट्झवर उलटं, म्हणजे घरातून कंपनीकडे, बोलतो, आणि त्या वाटेवर शेजारच्या सगळ्या घरांचा गोंगाट एकत्र जमतो. म्हणजे मामांच्या काटकसरीची किंमत शेजारच्यांचं इंटरनेट मोजणार.

उरलेलं पटकन. टेपच्या जोडात पाणी शिरतं आणि कोॲक्समधून, म्हणजे मधे तांब्याची तार आणि भोवती जाळी असलेल्या याच वायरीतून, खाली उतरतं. त्यापेक्षा नीट एफ कनेक्टर (या वायरीचं आट्याचं टोक) लावा. मामांच्या जोडात तर जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तांब्याला टेकला होता. एलएनबी शॉर्ट व्हायला तेवढा एकटाही पुरतो. अर्थिंग वीज बोलावत नाही. वायरीवर साठणारा स्थिर भार आणि आसपास पडलेल्या विजेचे झटके ते जमिनीत नेतं. थेट डिशवरच वीज पडली तर उपकरणं वाचतील अशी खात्री तेही देत नाही, हेही मान्य.

डिप्लेक्सरलाही मर्यादा आहेत. ३०० मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होणारा, म्हणजे अँटेनाच्याच मजल्यावर शिरणारा वाइडबँड एलएनबी असेल, किंवा अँटेनाच्या बूस्टरला त्याच वायरीतून वीज द्यायची असेल, तर नुसते दोन डिप्लेक्सर लावून भागत नाही.

मामांकडे शेवटी डिश आणि अँटेना डिप्लेक्सरच्या जोडीने एका वायरीत घेतली, केबलला तिची वेगळी वायर परत दिली. शॉर्टचा मेसेज गेला, चौकोनही गेले. तो स्प्लिटर मामा ‘कुठेतरी उपयोगी पडेल’ म्हणून खणात ठेवत होते. निघताना मी तो खिशात घातला.