इथलं सिम काढू नका हो!
लेख मस्तय, पण हाँगकाँग डिस्नेलँडला जाताना ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घ्या नि इथलं सिम काढून घरीच ठेवा हे काही पटलं नाही. अहो, मग कार्डाचा ओटीपी काय कपाटात येणार? आम्ही मुंबईहून निघायच्या आधीच इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घेतलं, इथल्या सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद आणि नेट सगळं ई-सिमवर, त्यामुळे सासूबाई उन्हात रांग बघून वैतागल्या तेव्हा पार्कच्या ॲपवरून तिथल्या तिथे प्रीमियर ॲक्सेस (रांग टाळायचा पैसे भरून मिळणारा पास) घेता आला, ओटीपी आला लगेच.

आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही (२०,००० एमएएचवाली म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, मर्यादा १०० ची). फक्त रोमिंग पॅक नसेल तर डोंबिवलीच्या मावशीचा फोन उचलू नका, इनकमिंगचेही पैसे कापतात!