नव्वद दिवस बसून राहा, असं सांगणाऱ्यांनो

गेल्या आठवड्यात माझ्या मावसभावाने त्याच्या घरमालकाला एक फॉरवर्ड पाठवून दिला. वर लाल अक्षरांत ‘नवा भाडे कायदा लागू’ आणि खाली चार मुद्दे. केंद्राचा कायदा देशभर लागू झाला. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ९० दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय भाडं वाढवता येत नाही, तोवर जुनंच भाडं भरा, तुम्हाला कोणी हलवू शकत नाही. करार नोंदवला नाही तर ५,००० रुपये दंड. हाच मेसेज मला तीन ग्रुपवर आला होता आणि मी सोडून दिला होता. पण भावाचा करार ३० तारखेला संपतोय आणि हा पठ्ठ्या निवांत. म्हणे, “दादा, नव्वद दिवस कुठे झालेत?”

पहिला मुद्दा लगेच निकालात निघतो. घरमालक-भाडेकरू संबंध आणि भाडेवसुली हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतला राज्यांचा विषय आहे, राज्य सूचीतली १८ वी नोंद. केंद्राने २०२१ मध्ये काढला तो ‘आदर्श’ कायदा, म्हणजे नमुना. राज्याने उचलला तर लागू. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. राहत्या घराला दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा त्या नमुन्यात खरोखर आहे, एवढं मान्य. पण नमुना दाखवून कोणी डिपॉझिट कमी करत नाही.

आता नव्वद दिवस. १९९९ च्या कायद्यात हा आकडा सापडतो, फक्त भाडेवाढीसाठी नाही. भाडं थकलं तर मालकाने लेखी मागणी करावी आणि ९० दिवस थांबून मगच घर खाली करून घेण्याचा दावा लावावा, असं कलम १५ सांगतं. वाढीचं कलम ११ वेगळं: वर्षाला ४ टक्के, आणि घरात सुधारणा केली किंवा कर वाढला तर त्याचा हिशेब निराळा.

हे वाचून खूश होण्याआधी कपाटातून आपला करार काढा. भावाला मी काढायला लावला. पहिल्याच पानावर मथळा ‘लीव्ह अँड लायसन्स’, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायचा परवाना. आत ‘भाडेकरू’ हा शब्द शोधून सापडेना, सगळीकडे ‘परवानाधारक’. म्हणजे ते ४ टक्क्यांचं कलम त्याच्यासाठी नाहीच. ते चाळीतल्या, पागडीच्या, कायद्याने भाडेकरू असलेल्या लोकांचं. परवानाधारकाला करारात लिहिलंय तेच लागू. मुदतीच्या आत मालक मनाने एक रुपया वाढवू शकत नाही, आणि मुदत संपली की नव्या करारासाठी तो हवा तो आकडा सांगायला मोकळा.

आणि ‘कोणी हलवू शकत नाही’ लिहिणाऱ्या महाभागाने कलम २४ एकदा तरी उघडायचं. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. भाऊ महिन्याला १८,००० भरतो. तीन महिने ठाण मांडलं असतं, तर ५४,००० च्या जागी १,०८,००० झाले असते. मालकाला वर्षानुवर्षं कोर्टात खेटेही घालावे लागत नाहीत. तो थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली असे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर मालकाचंच म्हणणं कबूल आहे असं धरतात. हे वरचे ५४,००० मेसेज लिहिणारा भरणार आहे का?

राहिला दंड. तो खरा आहे, पण नवा नाही. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात हेही आहे की नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं, मग तो भाडेकरू असो की परवानाधारक, उलट सिद्ध होईपर्यंत. राहणाऱ्याच्या खऱ्या कामाची गोष्ट ही, आणि मेसेजमध्ये नेमकी हीच नाही.

भावाने फॉरवर्ड डिलीट केला, पण तोवर निळ्या टिका आल्या होत्या. मालकाचं उत्तर एका ओळीचं: “३० तारखेला किल्ली कोणाकडे देताय?” आता मध्ये मी पडलोय. त्यांना दीड हजार वाढवून हवेत, हा हजारावर अडलाय.